पाण्याच्या गुणवत्तेची तपासणी : विद्यापीठाच्या संशोधन प्रयोगशाळेला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे प्रबंधाचे काम करणारे विद्यार्थी येतात, इतर विभागांतील संशोधक येतात आणि अधूनमधून पाण्याची बाटली घेऊन थेट दारात उभे राहणारे नागरिकही येतात. तिघांचे प्रश्न बरेचसे सारखेच असतात. ज्या प्रश्नांत चुका अधिक होतात त्यांची उत्तरे लांबली आहेत, आणि त्याला आमचा इलाज नाही.

पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, एवढेच मला हवे आहे. त्यासाठी एकच चाचणी करून मिळेल का?

नाही. पिण्यायोग्यता हा एखाद्या उपकरणावर मोजता येणारा गुणधर्म नसून अनेक मोजमापांवरून काढलेला निष्कर्ष आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच मोजमापांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. नितळ, बिनवासाच्या आणि चवीला उत्तम लागणाऱ्या पाण्यात आर्सेनिक असू शकते. उलट लोहामुळे तांबूस दिसणारे पाणी जंतूंच्या दृष्टीने निर्धोक निघू शकते. म्हणून नमुना हातात घेण्यापूर्वी आम्हीच काही प्रश्न विचारतो : पाणी कुठले आहे, त्याच्या आसपास काय आहे, आणि शंका नेमकी कशामुळे आली? विहिरीशेजारी शोषखड्डा असेल तर ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) आणि नायट्रेट आधी पाहिले पाहिजे, इमारतीत शिशाचे जुने नळ असतील तर शिसे पाहिले पाहिजे, आणि भूजलाचा उपसा कठीण खडकातून होत असेल तर फ्लोराइड विसरून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली मार्गदर्शक मूल्ये फ्लोराइडसाठी दर लिटरला १.५ मिलिग्रॅम, तर आर्सेनिक आणि शिसे यांच्यासाठी प्रत्येकी ०.०१ मिलिग्रॅम आहेत. प्रत्येक देशाचे स्वतःचे मानक असते आणि कायद्याच्या दृष्टीने तेच लागू होते.

नमुना कोणत्या बाटलीत आणावा? शीतपेयाची रिकामी बाटली चालेल का?

कशाची तपासणी करायची आहे, यावर बाटली ठरते. शीतपेयाची बाटली मात्र कशालाच चालत नाही. धातूंसाठी आम्ही आम्लाने धुतलेल्या पॉलिइथिलीनच्या बाटल्या देतो, कारण काचेच्या पृष्ठभागावर धातूंचे आयन चिकटतात आणि काचेतूनही काही घटक पाण्यात उतरतात. कीटकनाशके आणि इतर सेंद्रिय प्रदूषकांसाठी याच्या नेमके उलट, म्हणजे गडद रंगाची काचेची बाटली लागते, कारण ही रसायने प्लॅस्टिकमध्ये शोषली जातात. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली लागते, आणि पाण्यात क्लोरीन घातलेले असेल तर त्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असते. हे थायोसल्फेट क्लोरीनला तिथल्या तिथे निष्प्रभ करते. ते नसेल तर बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन आपले काम करतच राहते आणि नळाच्या तोंडाशी असलेले जंतू आमच्या टेबलावर येईपर्यंत मेलेले असतात. अशा बाटल्या खळखळून धुऊ नयेत, हे आम्ही प्रत्येकाला बजावून सांगतो, आणि तरीही काही जण ‘स्वच्छ धुऊन’ भरून आणतात.

नमुना घेण्यापूर्वी नळ किती वेळ सोडून ठेवावा?

याचे उत्तर मिनिटांत देता येत नाही, कारण ते तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे. नळातून शिसे उतरते का, हे पाहायचे असेल तर नळ अजिबात सोडू नये. पाणी निदान सहा तास नळात साठून राहू द्यावे आणि पहिलाच लिटर बाटलीत घ्यावा. पुरवठ्याचे मुख्य पाणी कसे आहे हे पाहायचे असेल तर साठलेले पाणी पूर्ण वाहून जाऊ द्यावे. कूपनलिकेच्या बाबतीत उपसा सुरू करून तापमान, सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता यांचे लागोपाठचे आकडे स्थिरावेपर्यंत थांबावे, म्हणजे नलिकेत पडून राहिलेले पाणी संपून भूस्तरातले पाणी येऊ लागल्याची खात्री होते. नदीत प्रवाहाकडे तोंड करून उभे राहावे आणि बाटलीचे तोंड पाणी येते त्या बाजूला धरून पृष्ठभागाखाली बुडवावे, नाहीतर आपल्याच पायांनी ढवळलेला गाळ नमुन्यात येतो.

नमुना घेतल्यावर किती वेळात पोचवावा?

बाटलीचे झाकण लावले म्हणजे पाणी थांबले, असे होत नाही. आतले जंतू खात राहतात, अमोनियाचे नायट्रेट होत राहते, कार्बन डायऑक्साइड निसटतो, विरघळलेले लोह हवेच्या संपर्काने तांबूस साका होऊन तळाला बसते. प्रत्येक घटकाचा या बदलाचा वेग वेगळा असल्यामुळे प्रत्येकाची मुदतही वेगळी असते. तापमान, सामू, विरघळलेला ऑक्सिजन आणि उरलेला क्लोरीन ही मोजमापे जागेवरच करावीत. प्रयोगशाळेत आणून केलेल्या या मोजमापांना आम्ही अहवालात स्थान देत नाही. जंतूंसाठीचा नमुना बर्फाच्या पेटीत, पण गोठू न देता, शक्यतो सहा तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत आमच्याकडे यावा. नायट्रेट आणि जैविक ऑक्सिजन मागणी यांसाठी थंड ठेवलेला नमुना ४८ तासांपर्यंत चालतो. नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणलेला धातूंचा नमुना मात्र सहा महिने टिकतो. पारा त्याला अपवाद आहे, त्याची मुदत २८ दिवसांची.

याच कारणासाठी बाटलीवरच्या चिठ्ठीवर नुसती तारीख पुरत नाही, वेळही लागते. चिठ्ठी बाटलीवर लावावी, झाकणावर नव्हे. दोन झाकणांची अदलाबदल झाल्यावर कोणता नमुना कोणाचा, हे पुढे कोणीही सांगू शकत नाही.

सामूमापकाचा आकडा सारखा हलतो. उपकरण बिघडले आहे का?

बहुतेक वेळा उपकरण ठीक असते आणि इलेक्ट्रोड कोरडा पडलेला असतो. इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडच्या ३ मोलर द्रावणात ठेवावा. तो ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवला तर आतले आयन बाहेर झिरपत जातात आणि त्याचे आयुष्य घटते. सकाळी काम सुरू करताना ४.०१, ७.०० आणि १०.०१ सामूच्या बफर द्रावणांनी (ज्यांचा सामू ठरलेला असतो) अंशांकन करावे, म्हणजे उपकरण जुळवून घ्यावे, आणि उपकरण दाखवत असलेला उतार पाहावा. २५ अंश सेल्सिअसला सामूच्या एका एककामागे ५९.१६ मिलिव्होल्ट हा सैद्धांतिक उतार आहे. प्रत्यक्षातला उतार त्याच्या ९५ टक्क्यांच्या खाली गेला की इलेक्ट्रोड स्वच्छ करावा, तरीही सुधारला नाही तर बदलावा.

याला जोडूनच एक प्रश्न दरवर्षी नवे विद्यार्थी घाबरून विचारतात : अतिशुद्ध पाण्याचा सामू ७ यायला हवा, मग आमच्या यंत्राचे पाणी ५.६ च्या आसपास का दाखवते? ते पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्याचे सौम्य कार्बोनिक आम्ल होते आणि सामू तिथे येऊन थांबतो. शिवाय इतक्या शुद्ध पाण्यात विद्युतवहनासाठी आयनच नसल्यामुळे साधा इलेक्ट्रोड तिथे डळमळतो. शुद्ध पाण्याची परीक्षा सामूने न करता रोधकतेने, म्हणजे वीज वाहू न देण्याच्या गुणाने, करावी. यंत्रातून निघतानाच ती २५ अंशांना १८.२ मेगाओम सेंटिमीटर असली पाहिजे. चंचुपात्रात तासभर उघडे राहिलेले पाणी तेच पाणी राहत नाही.

टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) मापक पाण्यात बुडवला की पाणी चांगले की वाईट ते कळते ना?

कळत नाही, आणि हा गैरसमज आम्हाला सर्वाधिक वेळा दूर करावा लागतो. ते छोटे उपकरण विरघळलेले क्षार मोजत नाही. ते विद्युतवाहकता मोजते आणि तिला एका ठरावीक गुणकाने, साधारणतः ०.५५ ते ०.७ च्या दरम्यानच्या आकड्याने, गुणून मिलिग्रॅममध्ये दाखवते. पाण्यात कोणते क्षार आहेत यावर हा गुणक बदलतो, पण उपकरणाला ते ठाऊक नसते.

समजा मापकाने ३२० हा आकडा दाखवला. त्या पाण्यात मार्गदर्शक मूल्याच्या पाचपट, म्हणजे दर लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, आर्सेनिक असले तरी मापकाचा शेवटचा अंक एक मिलिग्रॅमचा असल्यामुळे त्याच्या विसाव्या भागाइतका फरक पडद्यावर उमटणारच नाही. जंतू, कीटकनाशके आणि औषधांचे अंश यांची तर मापकाला दखलही घेता येत नाही. एकूण विरघळलेले क्षार दर लिटरला १,००० मिलिग्रॅमच्या वर गेले की पाणी बेचव आणि मचूळ लागू लागते, एवढ्यापुरता तो आकडा उपयोगी आहे. संशोधकासाठी विद्युतवाहकता मौल्यवान आहे ती वेगळ्या अर्थाने : एकाच ठिकाणचा नेहमीचा आकडा अचानक बदलला तर काहीतरी नवे पाण्यात मिसळले आहे, ही सूचना तिच्याइतक्या स्वस्तात दुसरी कोणतीही चाचणी देत नाही.

काठिण्याच्या अनुमापनात दोघांचे आकडे जुळत नाहीत. चूक कुठे होते?

शेवटच्या चार थेंबांत. काठिण्य म्हणजे पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि ईडीटीए हे त्यांना बांधून ठेवणारे रसायन. पद्धत सोपी आहे : नमुन्यात सामू १० चा अमोनिया बफर घालायचा, एरिओक्रोम ब्लॅक टी हे दर्शक घालायचे आणि ब्युरेटमधून ईडीटीएचे द्रावण सोडत राहायचे. द्रावण ०.०१ मोलर असेल तर त्याचा प्रत्येक मिलिलिटर एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या बरोबरीचा होतो, त्यामुळे हिशेबही तोंडी करता येतो. सुरुवातीला शंकुपात्रातले पाणी द्राक्षाच्या मद्यासारखे लालसर असते. अंतिम बिंदू जवळ आला की त्यात जांभळी छटा शिरते, आणि घाईतला विद्यार्थी नेमका इथे थांबतो. जांभळा रंग म्हणजे काम अजून शिल्लक आहे. दर तीन ते पाच सेकंदांना एक थेंब सोडत, पात्र हलवत राहावे. लालीचा शेवटचा अंश जाऊन निखळ निळा रंग आला की तिथे थांबावे. पात्राखाली पांढरा कागद ठेवावा, आणि अंतिम बिंदू ओलांडलेले एक पात्र तुलनेसाठी शेजारी असावे.

उलट चूकही होते. बफर घातल्यावर पाच मिनिटांच्या आत अनुमापन संपवावे लागते, कारण सामू १० ला कॅल्शियम कार्बोनेटचा साका होऊ लागतो आणि आकडा कमी येतो. रंग बदलतच नसेल, किंवा निळा होऊन पुन्हा लालसर होत असेल, तर तांबे किंवा लोह यांच्यासारखा धातू दर्शकाला धरून बसला आहे असे समजावे आणि आम्हाला विचारावे. नुसते अधिक ईडीटीए ओतून काही होत नाही.

बीओडीसाठी पाचच दिवस का थांबावे लागते? लवकर निकाल देता येणार नाही का?

जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजेच बीओडी, हे पाण्यातले सेंद्रिय द्रव्य खाताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात याचे मोजमाप आहे, आणि जंतूंना घाई करता येत नाही. पाच दिवसांची मुदत ब्रिटनच्या सांडपाणीविषयक रॉयल कमिशनच्या कामातून आली, ज्याचा सर्वाधिक उल्लेखिला जाणारा अहवाल १९१२ सालचा आहे. तिथल्या नद्यांचे पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळते, असे कारण त्यासाठी सांगितले जाते. नद्यांची लांबी देशोदेशी वेगळी असली तरी पुढे २० अंश सेल्सिअस आणि पाच दिवस हीच जगात बहुतेक ठिकाणची रीत झाली, कारण जुन्या आकड्यांशी तुलना करायची तर सर्वांनी तितकेच थांबायला हवे. सोमवारी आणि गुरुवारी लावलेल्या बाटल्या शनिवारी आणि मंगळवारी उघडाव्या लागतात, म्हणून आम्ही शनिवारीही कोणाला तरी बोलावतो.

प्रत्यक्षात ३०० मिलिलिटरच्या बाटल्या अंधारात ठेवल्या जातात आणि पहिल्या व पाचव्या दिवसाचा विरघळलेला ऑक्सिजन मोजला जातो. २० अंशांना हवेशी समतोल साधलेल्या गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. सांडपाणी जसेच्या तसे बाटलीत भरले तर तो तासाभरातही संपू शकतो. म्हणून नमुना विरळ करावा लागतो. उदाहरणार्थ, ६ मिलिलिटर सांडपाणी ३०० मिलिलिटरच्या बाटलीत घेतले म्हणजे ते पन्नासपट विरळ झाले, ऑक्सिजन ८.८ वरून ४.६ वर आला तर घट ४.२, आणि बाहेरून जंतू घातलेले नसतील तर बीओडी २१०. पाच दिवसांनी निदान १ मिलिग्रॅम ऑक्सिजन उरलेला असावा आणि निदान २ मिलिग्रॅम वापरला गेलेला असावा, तरच ती बाटली हिशेबात धरता येते. किती विरळ करावे याचा अंदाज आधी येत नाही, म्हणून एकाच नमुन्याच्या तीन-चार बाटल्या वेगवेगळ्या प्रमाणात लावतात.

ऑक्सिजन इलेक्ट्रोडने मोजता येतो, तरी आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला लायोश विंकलर याने १८८८ साली मांडलेली पद्धत एकदा तरी करायला लावतो. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइडचे द्रावण बाटलीत सोडल्यावर साका पांढरा राहिला तर पाण्यात ऑक्सिजन नाही, आणि तपकिरी झाला तर आहे. आकडा येण्याआधीच उत्तर डोळ्यांसमोर असते. झाकण लावताना हवेचा एखादा बुडबुडा आत राहिला तर तोही साका तपकिरी करतो.

सीओडी दोन-तीन तासांत मिळतो, तर बीओडी करायचाच कशाला?

दोन्ही वेगळे प्रश्न विचारतात. रासायनिक ऑक्सिजन मागणीत, म्हणजेच सीओडीत, नमुना पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लासह १५० अंशांना दोन तास तापवतात, त्यामुळे जंतूंना न पचणारे पदार्थही भस्म होतात. एखाद्या सांडपाण्याचा सीओडी मोठा आणि बीओडी लहान निघाला, तर जैविक शुद्धीकरणाने ते फारसे सुधारणार नाही, हे या दोन आकड्यांच्या गुणोत्तरावरून कळते. खाऱ्या पाण्यासाठी ही पद्धत वापरू नये : क्लोराइड दर लिटरला २,००० मिलिग्रॅमच्या वर गेले की मर्क्युरिक सल्फेट घालूनही त्याचा अडथळा आवरत नाही, आणि समुद्राच्या पाण्यात ते सुमारे १९,००० मिलिग्रॅम असते.

माझा नायट्रेटचा आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याच्या चौपट आला. कोणाचा चुकला?

बहुधा कोणाचाच नाही. नायट्रेट दोन प्रकारे लिहिले जाते : पूर्ण नायट्रेट आयनाच्या वजनात, किंवा त्यातल्या केवळ नायट्रोजनच्या वजनात. या दोहोंमध्ये ४.४३ चा गुणक आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे ५० मिलिग्रॅमचे मूल्य नायट्रेट म्हणून आहे. तेच नायट्रोजन म्हणून ११.३ होते. ‘नायट्रेट २०’ एवढेच लिहिलेला अहवाल म्हणूनच निरुपयोगी असतो : २० मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर पाणी मर्यादेत आहे, आणि २० मिलिग्रॅम नायट्रोजन असेल तर ते ८८.६ मिलिग्रॅम नायट्रेट होते, जे बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटवू शकते. अमोनिया, नायट्राइट आणि फॉस्फेट यांनाही हीच सूचना लागू आहे.

जड धातूंसाठी नमुना आधी गाळावा की आधी आम्ल घालावे?

विरघळलेले धातू हवे असतील तर आधी ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळावे आणि मग आम्ल घालावे. एकूण धातू हवे असतील तर न गाळता आम्ल घालावे. क्रम उलटला तर गाळाच्या कणांवर बसलेले धातू आम्लात उतरतात आणि विरघळलेल्या धातूंचा आकडा फुगतो. ही चूक नंतर कोणत्याही उपकरणाने दुरुस्त होत नाही. ०.४५ मायक्रोमीटर ही सीमादेखील निसर्गाने आखलेली नाही. त्याहून बारीक कण गाळणीतून सहज जातात आणि ‘विरघळलेले’ म्हणून मोजले जातात. तो एक सर्वमान्य संकेत आहे, एवढेच.

मोजणी अणुशोषण वर्णपटमापकाने किंवा आयसीपी-एमएसने, म्हणजे अणूंच्या वस्तुमानावरून मोजणाऱ्या उपकरणाने, होते. दुसरे उपकरण अत्यंत संवेदनशील आहे, पण त्याचीही फसगत होते. त्यातला ४० वस्तुमानाचा आर्गॉन आणि नमुन्यातला ३५ वस्तुमानाचा क्लोरीन जोडले गेले की ७५ वस्तुमानाचा कण तयार होतो, आणि आर्सेनिकचे वस्तुमान ७५ च आहे. खारट नमुना आणताना म्हणूनच आम्हाला आधी सांगावे, म्हणजे उपकरणातील हेलियमचा टक्करकक्ष वापरून हा खोटा संकेत दाबता येतो. त्याच कारणाने असे नमुने टिकवण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल न वापरता नायट्रिक आम्ल वापरतात.

रोगकारक जंतू सोडून तुम्ही ई. कोलायच का शोधता?

पाण्यातून पसरणारे रोगकारक अनेक प्रकारचे असतात, बहुधा विरळ असतात, आणि प्रत्येकासाठी वेगळी पद्धत लागते. ई. कोलाय मात्र माणसाच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात विपुल असतो. तो सापडला म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळली आहे, आणि विष्ठेबरोबर येणारे इतरही येऊ शकतात. १०० मिलिलिटर पाणी ०.४५ मायक्रोमीटरच्या पडद्यातून गाळतात, पडदा रंग देणाऱ्या माध्यमावर ठेवतात आणि साधारण ३६ अंशांना सुमारे २१ तास उबवतात. आयएसओ ९३०८-१ या पद्धतीत ई. कोलायच्या वसाहती गडद निळ्या ते जांभळ्या दिसतात, इतर कोलिफॉर्म गुलाबी ते लाल. पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय चालत नाही.

शून्य आले म्हणजे सर्व धोके टळले, असे मात्र नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवींच्या कवचबद्ध अवस्था क्लोरीनला दाद देत नाहीत, त्यामुळे ई. कोलाय मेलेल्या पाण्यातही त्या जिवंत असू शकतात.

अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिले आहे. म्हणजे शून्य का?

नाही; त्याचा अर्थ आमच्या पद्धतीच्या शोधमर्यादेच्या खाली, एवढाच आहे. ही मर्यादा आम्ही अगदी कमी तीव्रतेचा नमुना सात वेळा तपासून, आलेल्या आकड्यांच्या प्रमाण विचलनाला ३.१४ ने गुणून काढतो. मर्यादेचा आकडा न देता ‘आढळले नाही’ लिहिणारा अहवाल स्वीकारू नये. आर्सेनिकची शोधमर्यादा ०.०५ मिलिग्रॅम असलेल्या प्रयोगशाळेत मार्गदर्शक मूल्याच्या चौपट आर्सेनिकही ‘आढळत’ नाही. सांख्यिकी करताना अशा नोंदींच्या जागी शून्य घालणे हीदेखील चूकच आहे.

तुमच्याच आकड्यांवर विश्वास कशाच्या आधारावर ठेवावा?

विचारलेत ते बरे केले, कारण हा प्रश्न विचारणारे थोडे असतात. प्रत्येक तुकडीसोबत आम्ही नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेतलेली कोरी चाचणी लावतो, एक नमुना दोनदा तपासतो, एका नमुन्यात ज्ञात प्रमाणात घटक मिसळून तो किती परत मिळतो हे पाहतो, आणि प्रमाणित संदर्भ द्रव्य (ज्यातले प्रमाण आधीच ठाऊक असते) तपासतो. एकदा फॉस्फेटची कोरी चाचणीच निळी झाली. या पद्धतीत ८८० नॅनोमीटरवर निळ्या रंगाची तीव्रता मोजतात, आणि शुद्ध पाण्यात निळा रंग येण्याचे काहीच कारण नव्हते. दोन दिवस रसायने बदलून पाहिली. शेवटी कळले की भांडी धुण्याची पावडर संपल्यावर कोणीतरी फॉस्फेट असलेली साधी पावडर आणून ठेवली होती. त्या आठवड्याचे सगळे आकडे आम्ही रद्द केले.

याखेरीज एक तपासणी अशी आहे जिला रसायन लागत नाही आणि उपकरणही लागत नाही. पाण्याला विद्युतभार नसतो, म्हणून त्यातल्या धनभारित आयनांची बेरीज ऋणभारित आयनांच्या बेरजेइतकी असली पाहिजे. मिलिग्रॅमचे आकडे प्रत्येक आयनाच्या सममूल्यभाराने (वस्तुमानाला विद्युतभाराने भागून येणाऱ्या आकड्याने) भागून मिलिसममूल्यांत आणायचे, दोन बेरजांतील फरकाला एकूण बेरजेने भागायचे, आणि तफावत पाच टक्क्यांच्या आत आहे का ते पाहायचे. एका विद्यार्थिनीच्या नमुन्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि पोटॅशियम मिळून ७.९ झाले, तर बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट आणि नायट्रेट मिळून ६.८. तफावत साडेसात टक्के. तिने चारही धातू पुन्हा मोजले, आकडे तेच आले. मग नायट्रेटची नोंद उघडली, तर वर सांगितलेलाच घोटाळा : २० हा आकडा नायट्रोजनचा होता आणि तिने तो नायट्रेट म्हणून धरला होता. ०.३२ च्या जागी १.४३ मांडल्यावर दोन्ही बेरजा ७.९ वर येऊन जुळल्या. पाणी सुरक्षित ठरता ठरता राहिले, ते या कागदावरच्या बेरजेमुळे.

चाचणी झाल्यावर रसायने बेसिनमध्ये ओतली तर चालतील का?

सीओडीच्या नळीत पारा, चांदी आणि सहा-संयुजी क्रोमियम असते. ती बेसिनमध्ये ओतणे म्हणजे ज्या पाण्याची तपासणी केली त्यालाच विष घालणे. असे द्रव वेगळ्या, नाव लिहिलेल्या डब्यात साठवावेत. विंकलर पद्धतीतील सोडियम अझाइडबाबत विशेष काळजी घ्यावी : आम्लाशी संपर्क आला की त्यातून अतिशय विषारी वायू निघतो, आणि तांब्याच्या किंवा शिशाच्या नळांत साचल्यास त्याची स्फोटक संयुगे बनतात.

तुमचा अहवाल न्यायालयात किंवा परवान्यासाठी चालेल का?

सहसा नाही. त्यासाठी आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार अधिस्वीकृती असलेली प्रयोगशाळा लागते, आणि नमुना कोणी घेतला, कोणाच्या हातून कोणाकडे कधी गेला, याची सहीनिशी अखंड नोंद लागते. संशोधन प्रयोगशाळेची ताकद वेगळी आहे : नवी पद्धत बसवणे, न समजलेला आकडा उलगडेपर्यंत त्यामागे लागणे. तंटा असेल तर पहिल्याच दिवशी अधिस्वीकृत प्रयोगशाळेत जावे. आमच्याकडे येऊन गेलेली उघडी बाटली तिथे कोणी घेत नाही.

तपासणीनंतर उरलेल्या पाण्याचे काय करता?

जंतूंचे नमुने त्याच दिवशी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, निर्जंतुक करून टाकून देतो. आम्ल घातलेले धातूंचे नमुने सहा महिने कपाटात ठेवतो, म्हणजे एखाद्या आकड्यावर शंका आली तर पुन्हा मोजता येते. बाकीचे पाणी अहवालावर सही झाल्यानंतर ओतून देतो. बाटली परत हवी असेल तर त्याआधी सांगावे.